कर्ज फिटेपर्यंत

वेणीमाधवपंतांच्या घरातला चहा बंद झाला तो एका आषाढी एकादशीला, आणि त्याचं खापर देवावर फुटलं. देव बिचारा काही बोलत नाही, म्हणून त्याच्या नावावर काहीही खपतं.

पंत सोलापुरातल्या एका गिरणीत कापडखात्याचे कारकून. एकुलत्या एका लेकीचं, मालतीचं लग्न त्यांनी हौसेनं केलं आणि त्या हौसेपायी चन्नप्पा सावकाराचं आठशे रुपयांचं कर्ज अंगावर आलं. तारण म्हणून गोदावरीबाईंच्या पाटल्या सावकाराच्या तिजोरीत गेल्या. गिरणीत पेन्शन नाही, पोटी मुलगा नाही. लेकीच्या घरी पाण्याचा घोट घ्यायचीही चोरी, मग जावयाच्या दारात म्हातारपण काढण्याची गोष्टच नको. तेव्हा पंतांनी ठरवलं की आधी कर्ज फेडायचं, मग म्हातारपणासाठी साठवायचं, आणि दोन्हींसाठी पैसा काढायचा तो स्वयंपाकघरातून.

आता काटकसर केली की आळीला दिसते. दारातून गवळी परत गेला की शेजारणी विचारतात. पण पंतांचं डोकं अशा बाबतीत फार चालायचं. ते म्हणाले, "चातुर्मास लागतोच आहे. तू नेम धर. चहा, साखर, दूध, सगळं सोड. नेम धरणाऱ्या बाईला कोण नावं ठेवतंय?" चातुर्मासाचा नेम कार्तिकीला सुटला असता, म्हणून त्यांनी देवापुढे बसवून बायकोच्या हातावरून पाणी सोडवलं, तेच मुळी 'कर्ज फिटेपर्यंत' असं म्हणून.

गोदावरीबाईंनी नेम असा पाळला की बघणाऱ्यानं हात जोडावेत. गहू-तांदूळ सणापुरते राहिले, रोज ज्वारीची भाकरी. फोडणी एकाच पदार्थाला. रॉकेल वाचावं म्हणून दिवेलागणीच्या आत जेवणं उरकायची. फाटलेल्या दोन लुगड्यांचे धड भाग जोडून त्या एक करायच्या आणि तेच नेसून देवळात जायच्या. आळीतल्या बायका म्हणायच्या, गोदूताईंसारखी निष्ठा हवी. त्यांना ते ऐकून बरं वाटे, खोटं कशाला सांगा. उपाशी राहण्याला मान मिळाला तर भूक थोडी कमी लागते.

तीन वर्षांनी, एका ज्येष्ठात, मंगळवेढ्याहून गंगाधरराव आले. हे गोदावरीबाईंच्या धाकट्या बहिणीचे, अनसूयेचे यजमान. तिथल्या शाळेत मास्तर. आले ते उंबऱ्यातच बसले. अनसूया बाळंत होऊन आठ दिवस झाले होते आणि ताप उतरत नव्हता. सोलापूरची डॉक्टरीणबाई मोटार करून न्यायची तर साठ रुपये लागत होते. मास्तराच्या घरात साठ रुपये कुठले?

गोदावरीबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. पंत झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होते. ते म्हणाले, "सावकाराचा हप्ता तोंडावर आलाय. कुठून आणू?"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. अनसूयेला त्यांनीच कडेवर खेळवून वाढवलं होतं. त्या गंगाधररावांसमोर आल्या आणि म्हणाल्या, "भावोजी, असते तर मी तुम्हाला बसूसुद्धा दिलं नसतं, आधी पदरात घातले असते. माझा नेम तुम्हाला ठाऊक आहे. कर्ज फिटेपर्यंत म्हणून देवापुढे पाणी सोडलंय मी. ते फिटलं असतं तर आज तुमच्यापुढे चहाचा कप ठेवला असता आणि मीही घेतला असता. देवाशप्पथ सांगते, अनूला एवढं सांगा."

"सांगतो," गंगाधरराव म्हणाले आणि उठले. पंतांचा अडकित्ता तेवढा वेळ थांबला होता, तो पुन्हा चालू झाला.

पाचव्या दिवशी अनसूया गेली. गोदावरीबाई मंगळवेढ्याला धावल्या, तेव्हा गंगाधरराव त्यांच्याशी एक शब्द बोलले नाहीत. तेराव्याचं बोलावणं आलं नाही. तान्ह्या पोरीच्या बारशाला नाही. बाईंनी स्वतःची समजूत घातली की माणूस दुःखानं घुम्या झालाय, येईल भानावर. आणि नेम चालूच ठेवला, उलट मीठही अर्धं केलं. कर्ज लवकर फिटलं असतं तर अनू वाचली असती, हे त्यांच्या मनानं घेतलं होतं.

पुढच्या संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत त्यांना चन्नप्पाची बायको नीलम्मा भेटली. एरवी सावकाराच्या बायकोला बघून त्या वाट बदलायच्या. देणेकऱ्याच्या बायकोनं कुठल्या तोंडानं समोर जावं? पण तळ्याकाठच्या गर्दीत तोंड चुकवायला जागाच नव्हती. नीलम्मानं हसून कुंकू लावलं आणि हातावर तिळगूळ ठेवला.

"नेम आहे हो माझा. गोड बंद आहे," बाई ओशाळून म्हणाल्या. "तुम्हाला काय लपवायचं? तुमचं कर्ज फिटेपर्यंत."

नीलम्मा त्यांच्याकडे बघतच राहिली. "कुनाचं कर्ज, बाई? तुमच्या मालकानी तर गेल्याच्या गेल्या दिवाळीला सगळं चुकतं केलं की. पाटल्या म्या सोताच्या हातानं फडक्यात बांदून दिल्या. हातात का न्हाईत म्हून मगापासून बघतीया."

नीलम्मा मनानं चांगली होती, पण सांगायला लागली की थांबायची नाही. "तुमच्या भैनीचे मालक बी आलते की आमच्याकडं, जेष्ठात. रुपये मागाय. आमचे हे म्हनले, मास्तर, तुमच्या साडूंनी सगळं फेडलंय, वर शिल्लक टाकत्यात, मग माझ्याकडं याज कशापाई भरता? तर मास्तर खालीच बसले बगा. मग आमीच रुपये दिले, पर तंवर डाक्टरीणबाई दुसऱ्या गावाला गेलती. दोन दिस गेले त्यात."

यात्रा तशीच टाकून गोदावरीबाई घरी आल्या. पायांत चप्पल नव्हती, ती तळ्याकाठीच राहिली हे त्यांना घरी आल्यावर कळलं. पंत झोपाळ्यावर होते.

"कर्ज केव्हा फिटलं?" बाईंनी विचारलं.

पंतांनी क्षणभर अंदाज घेतला आणि मग त्यांचा चेहरा चक्क खुलला. माणसाला आपल्या हुशारीचं कौतुक करून घ्यायचं असलं की त्याला वेळकाळ सुचत नाही. ते आत गेले, ट्रंकेच्या तळातून फडकं आणि पोस्टाचं पुस्तक घेऊन आले. "नोकरी सुटायच्या दिवशी सांगणार होतो. पाचशेच्या वर जमलेत. तुला आधी सांगितलं असतं तर हात सैल सुटला असता. आज हिला साखर, उद्या तिला लुगडं. नेम होता म्हणून जमलं हे. तुझ्यासाठीच केलं ना मी? उद्या माझं काही झालं तर कोणापुढे हात पसरायला नको तुला."

त्यात खोटं काहीच नव्हतं, हेच मोठं वाईट होतं. बाईंना वाटलं, यानं हे सगळं जुगारात उडवलं असतं तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.

"भावोजी आले तेव्हा होते हे पैसे?"

पंतांनी मान खाली घातली. "साठ दिले असते तर पुढच्या महिन्यात आणखी मागितले असते. मास्तराचं घर ते. आणि बाळंतपणाचा ताप कुणाला येत नाही? इतकं वाढेल हे मला काय ठाऊक?"

"मी देवाची शपथ घेतली तेव्हा तुम्ही इथंच बसला होतात."

"होतो."

"मला थांबवलं नाहीत."

गोदावरीबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. साडेतीन वर्षं त्या ज्या माणसाबरोबर उपाशी राहिल्या असं त्यांना वाटत होतं, तो त्यातलं सव्वा वर्ष त्यांना एकटीलाच उपाशी ठेवून बघत होता. त्यांचा देव, त्यांचं पाणी, त्यांची जीभ, सगळं त्यानं वापरून घेतलं होतं. फसवलेल्या बाईला रडू येतं म्हणतात. यांना आलं नाही, नुसता राग आला, आणि तो कुठं ठेवावा ते कळेना.

पंतांना ही शांतता सोसेना. त्यांनी पाटल्या पुढे केल्या, त्या बाईंनी घेतल्या नाहीत, तशा जमिनीवर ठेवल्या. मग ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "उद्याच्या मोटारीनं जातो मी मंगळवेढ्याला. गंगाधररावांना सगळं सांगतो. तुझा काही दोष नव्हता, तुला माहीतच नव्हतं, असं स्वतः सांगतो. मग तर झालं?"

"जा. सांगा त्यांना," गोदावरीबाई म्हणाल्या. "ते ऐकतीलही. पण भावोजी सावकाराकडून घरी गेले तेव्हा अनू शुद्धीवर होती, तिथल्या बायकांनीच सांगितलं मला. तिनं विचारलं असेल, ताई काय म्हणाली. आणि त्यांनी सांगितलं असेल की तुझी ताई देवाची शपथ घेऊन खोटं बोलली. त्यानंतर ती तीन दिवस जगली. तिला आता कोण सांगणार?"