नत्थूजीची प्लेट

डॉ. गोपाळराव वैरागडे नागपूरच्या सदर भागातल्या एका खाजगी इस्पितळात एकोणीस वर्षं एक्स-रे विभाग सांभाळत होते. पोटाचा रोगी आला की आधी त्यांच्याकडेच यायचा. त्याला बेरियमचं खडूसारखं पांढरं पाणी पाजायचं, अंधाऱ्या खोलीत कधी उभं, कधी आडवं करायचं आणि ते पाणी पोटात उतरताना फोटो काढायचे. मोठमोठे सर्जन तळघराचा जिना उतरून विचारायचे, "गोपाळराव, काय दिसतं?" त्या एका प्रश्नावर गोपाळरावांचा सारा रुबाब उभा होता.

१९८० साली डॉ. शामला भोयर मुंबईहून शिकून आल्या आणि इस्पितळानं त्यांच्यासाठी दुर्बीण मागवली. बोटाएवढी जाड, काळी, लवचीक नळी. रोग्याच्या तोंडातून ती थेट जठरात उतरायची आणि बाई दुसऱ्या टोकाला डोळा लावून आतलं सगळं पाहायच्या. वर्षभरात तळघराचा जिना ओस पडला.

"सावल्या कशाला बघायच्या? बाई तर प्रत्यक्षच बघतात," कॅन्टीनमध्ये मोठे सर्जन सहज बोलून गेले. गोपाळरावांनी अर्धा चहा तसाच ठेवला. बाई वयानं त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, वागायला साधी, भेटली की "नमस्कार सर" म्हणणारी. तेही त्यांना सलायचं. ही उद्धट असती तर निदान उघडपणे राग तरी धरता आला असता. हिनं एकदा तरी चुकावं, सगळ्यांदेखत चुकावं, हा विचार सकाळी देवापुढे बसल्यावरही त्यांचा पिच्छा सोडत नसे.

ऑगस्टात नत्थूजी आला. कोराडीच्या वीजकेंद्रात कोळशावर काम करणारा पन्नाशीचा माणूस. दोन घास खाल्ले की पोट भरायचं, शौचाला काळं व्हायचं, चेहरा पांढराफटक पडलेला. वीजकेंद्राच्या कॉलनीतल्या डॉक्टरांनी दोन्ही तपासण्या लिहून दिल्या होत्या. सोमवारी बेरियम झालं, मंगळवारी दुर्बीण. बाईंनी सांगितलं, थोडी सूज आहे, दुसरं काही नाही; गोळ्या घ्या, घरी जा.

त्याच संध्याकाळी गोपाळरावांनी नत्थूजीच्या एक्स-रेच्या प्लेटा उजेडावर लावल्या. तिसऱ्या प्लेटपाशी ते थबकले. रोग्याला निजवून काढलेला फोटो होता. जठराच्या अगदी वरच्या घुमटात, पांढऱ्या बेरियमच्या मधोमध बोराएवढी जागा काळी राहिली होती. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. गाठच होती.

आणि त्यांना आनंद झाला. नत्थूजी त्या क्षणी त्यांच्या मनातही आला नाही. बाई चुकली, एवढंच डोक्यात घुमत राहिलं. आज नाही तर सहा महिन्यांनी गाठ डोकं वर काढेल, तेव्हा भर मीटिंगमध्ये ही प्लेट लावायची. त्यांनी प्लेट खणात ठेवून कुलूप लावलं. पुढचे दोन दिवस त्यांना जेवण गोड लागलं.

गुरुवारी नत्थूजीची बायको जयवंता रिपोर्ट न्यायला एकटीच आली.

"डॉक्टरसाहेब, बाई म्हणे काही नाही. हे तं उद्यापासून ड्यूटीवर जाऊन राह्यले. पण तुमच्या फोटूत काय आलं?"

"बाईंनी सांगितलं ना? मग मला कशाला विचारता?"

"काहून नाही विचारू? त्यायनं आतून पाह्यलं, तुम्ही बाहेरून पाह्यलं. दोघायनं सांगतलं म्हंजे माह्या जीवाले बरं वाटन."

वर्षभरात हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. 'काही नाही' ही ओठांवर आलेली थाप गोपाळरावांना मारवेना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत जयवंता उभीच होती.

"उद्या त्यांना ड्यूटीवर पाठवू नका," ते म्हणाले. "उपाशीपोटी इथं घेऊन या."

ती गेल्यावर प्लेट घेऊन ते दुसऱ्या मजल्यावर चढले. पण तिथंही त्यांचं मन सरळ नव्हतं. मोठे सर्जन आणि शिकाऊ डॉक्टर बाईंच्या खोलीत जमेपर्यंत ते व्हरांड्यात थांबून राहिले. मग आत शिरून प्लेट उजेडावर लावली.

"शामलाबाई, हे तुमच्या दुर्बिणीला दिसलं नाही वाटतं?"

बाईंनी जवळ जाऊन पाहिलं. त्या कारणं सांगतील, निदान लाल तरी होतील, अशी गोपाळरावांची अपेक्षा होती.

"सुटलं माझ्या हातून," बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या. "नळीचं टोक उलटं वळवून वर बघायला हवं होतं. मी वळवलं नाही. सर, उद्या तुम्ही इथं थांबाल?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी नळीचं टोक मागं वळवलं, तिथंच हात स्थिर धरला आणि डोळ्याला लावायचं भिंग गोपाळरावांपुढे केलं. एकोणीस वर्षं त्यांनी काळ्या-पांढऱ्यातच जठर पाहिलं होतं. ओलं, गुलाबी, जिवंत जठर ते पहिल्यांदा पाहत होते. आणि त्यात ती गाठ, माथ्यावर रक्ताळलेली. हे हिला रोज दिसतं, या विचारानं त्यांच्या काळजात पुन्हा कळ उठली.

बाईंनी तुकडा काढून तपासायला पाठवला. कर्करोग निघाला, पण अजून पसरलेला नव्हता. ऑपरेशन झालं आणि दिवाळीनंतर नत्थूजी आपल्या पायानं चालत भेटायला आला. तो आधी दुसऱ्या मजल्यावरच गेला, हे गोपाळरावांना कळलंच. थोड्या वेळानं बाई स्वतः त्याला घेऊन तळघरात आल्या.

"यांनी शोधलं," त्या नत्थूजीला म्हणाल्या. नत्थूजी पाया पडायला वाकला, तसे गोपाळराव दोन पावलं मागे सरले.

तो गेल्यावर बाई वळल्या. गोपाळरावांना राहवलं नाही.

"ती प्लेट दोन दिवस माझ्या खणात होती. मंगळवारीच पाहिली होती मी."

"मला ठाऊक आहे, सर. मंगळवारी पाचला तुमच्या खोलीवरून गेले, तेव्हा तुम्ही प्लेटा उजेडावर लावून बघत होता. गुरुवारी ही प्लेट वर आणलीत, तेव्हा ध्यानात आलं."

"मग बोलल्या का नाही?"

"पेशंट वाचला. तो वाचला नसता, तर बोलले असते."

आणि त्या जिना चढून गेल्या. पुढं निवृत्त होईपर्यंत गोपाळरावांनी प्रत्येक प्लेट त्याच संध्याकाळी वर पाठवली. बाईंचं कौतुक मात्र त्यांना शेवटपर्यंत धड ऐकवलं नाही.