नळीचा बाक

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी नळी आहे. दीड हात लांब, मधे जराशी वाकलेली. माझ्यासारखीने स्वतःविषयी बोलावे की नाही, याचा मला अजून संकोच वाटतो. पण त्या बाकाची गोष्ट सांगायची राहून जाईल, म्हणून बोलते.

मी आधी एका घराला पाणी पुरवत असे. पुढे मला कापून टाकले आणि मी ट्रक दुरुस्तीच्या एका गॅरेजमागच्या भंगारात येऊन पडले. तिथले मिस्त्री मनगटाच्या जोरावर नावाजलेले. पण एका आजारपणाने त्यांचा उजवा हात दुबळा झाला. चाकांचे गंजलेले नट त्यांना जुमानेनात. गिऱ्हाइके तुटू लागली. आता गॅरेजला कुलूपच लावावे, असे ते घरात बोलू लागले.

एके दुपारी त्यांच्या बायकोने मला उचलले आणि पान्याच्या दांड्यावर चढवले.

"दार कधी बिजागरीपाशी ढकलता का? इथं धरा, टोकाला."

"म्हाताऱ्याला काठी दिलीस होय?" मिस्त्री पुटपुटले. पण त्यांनी धरले. दांडा दुप्पट लांब झाला, तसा तोच दुबळा हात नटाला दुप्पट भारी पडला. नट कुरकुरला आणि फिरला. मिस्त्री त्याच्याकडे बघतच राहिले. बाईंनी तोंड फिरवून उगाच चहा गाळायला घेतला.

मग चांगले दिवस आले. काम झाले की मिस्त्री जॅकवर उचललेले चाक दोन बोटांनी फिरवून बघत. आसाजवळ ढकलले तर ते रेंगाळे. तेवढाच जोर कडेला लावला की चटकन वेग घेई. टायर उतरवलेली नुसती रिम तर त्याच बोटांनी भिरभिरे. तेव्हा ते लहान मुलासारखे हसत.

पण माझी सवय वाईट. सोडवायला नळी चालते, तर आवळायला का नको, असे त्यांना वाटले. हाताला नट बसल्याचे नेमके कळते. माझ्या लांबीत ते कळत नाही. एकदा चाक आवळताना ट्रकचा ड्रायव्हर म्हणाला, "बास झालं, मिस्त्री." पण हात गेला असे कुणी म्हणू नये, म्हणून त्यांनी आणखी एक हिसका दिला. मी वाकले, बोल्ट तुटला.

चूक त्यांनी तिथेच कबूल केली आणि बोल्ट बदलून दिला. दुसऱ्या दिवशी भिंतीवर खडूने लिहिले: सोडवायला नळी, आवळायला दोघांचे हात. तेव्हापासून आवळताना पान्यावर बाईंचाही हात असे. ड्रायव्हर हसत. गॅरेज मात्र आणखी अकरा वर्षे चालले.

आज मी त्यांच्या छोट्या खिडकीत पडद्याची दांडी आहे. रोज सकाळी पडदा माझ्या बाकापाशी अडतो. बाई नवी दांडी आणू म्हणतात.

"राहू दे," मिस्त्री म्हणतात. "तिथं माझा हट्ट अडकलाय."

मग बाई पडदा हलकेच उचलून पुढे सरकवतात. मित्रांनो, तुम्हीही असेच करा. जिथे काही अडेल, तिथे आधी धरण्याची जागा बदलून बघा. आणि एकदा ते नीट बसले, की हात आवरा.