उडून जाईपर्यंत

बाळाला तीन दिवसांच्या आत गच्चीवरून हलवण्याचा ठराव सोसायटीच्या वार्षिक सभेत एकमताने मंजूर झाला. असा ठराव सभेपुढे आलाच नव्हता, असं रजिस्टर सांगतं; आणि कांदिवलीच्या त्या सातमजली इमारतीत गेली तेवीस वर्षं रजिस्टर सांगेल तेच घडलेलं असतं.

हात वर होते तेव्हा सेक्रेटरी श्यामसुंदर ते पेनाच्या टोकाने मोजत होते. पार्किंगमध्ये मांडलेल्या खुर्च्यांवर सत्तावीस माणसं, सत्तावीस हात. सातव्या मजल्यावरच्या प्रितमने दोन वर केले होते. त्यातला एक त्यांनी धरला नाही.

"सर, बरोबर माझ्या डोक्यावर नाचतो तो," प्रितम म्हणाला. "मी घरून काम करतो. परवा क्लायंट विचारतो, मागे ढोल कोण वाजवतंय? काय सांगू? इमू?"

"कोण म्हणून हलवायचा, ते आधी ठरवा." श्यामसुंदरांनी पेन थांबवलं. "पक्षी म्हणून, की प्राणी म्हणून? आपल्याकडे पक्षी म्हणजे कबुतरं, त्यांना दाणे घालायला मनाई. प्राणी म्हणजे कुत्रे, त्यांना मागची लिफ्ट. साडेपाच फुटांचा पक्षी कशातच बसत नाही."

प्रितमने मोबाइल काढला. "रॅटाइट म्हणतात सर यांना. शहामृग, इमू, सगळे त्यात. छातीचं हाड तराफ्यासारखं सपाट असतं, त्यामुळे उडायचे स्नायू धरत नाहीत."

श्यामसुंदरांनी थोडा विचार करून लिहायला घेतलं. "सपाटवक्ष पक्षी..."

"अहो, काहीतरीच काय!" खजिनदार कुंदाताई म्हणाल्या. "रजिस्टर बायकापण वाचतात."

रजिस्टर कोणीच वाचत नव्हतं, पण श्यामसुंदरांनी 'गच्चीवरील पक्षी' एवढ्यावर भागवलं.

तेवढ्यात लिफ्टमधून जानकी परब उतरल्या. त्याही सातव्या मजल्यावर, एकट्या राहायच्या. इमूचं 'बाळा' हे नाव त्यांनीच ठेवलेलं; त्याला पपई भरवून येत होत्या. रिकामी ताटली हातातच होती. त्या पहिल्या रांगेत बसल्या.

"झाला?"

"झालं, जानकीबाई. तीन दिवसांत हलवायचाय."

"बरां." त्यांनी ताटली मांडीवर ठेवली. "पण पयलो विषय वाचूक नाय तुमी."

पहिला विषय म्हणजे मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. दर वर्षी श्यामसुंदर घसा खाकरून उभे राहायचे आणि दर वर्षी कोणीतरी ओरडायचं, "वाचलं असं समजा!" मग सगळे समजायचे. तेवीस वर्षांत 'वाचा' असं म्हणणारं माणूस त्यांना आज पहिल्यांदा भेटलं होतं.

त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि वाचायला सुरुवात केली. पाण्याची टाकी झाली, जिन्यातल्या चपला झाल्या. वडे आले, थंड झाले. पाव तासाने नववा विषय आला.

"श्रीमती परब यांनी गावाहून आणलेला एक पट्टेरी पक्षी, आकार अंदाजे बुटाच्या खोक्याएवढा, पंख फुटून उडून जाईपर्यंत गच्चीवर ठेवण्यास सर्वानुमते मान्यता देण्यात आली."

खाली सही होती. वळणदार, श्यामसुंदरांचीच.

"खोडा ना ती ओळ, सर," प्रितम म्हणाला.

कुंदाताईंनी श्वास आत ओढला. त्या रजिस्टरात आजवर एक काना खोडलेला नव्हता. श्यामसुंदर जानकीबाईंकडे वाकले.

"हा उडत नाही, हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"म्हायत नसाक काय झाला? भावाची इमूंची शेड होती कुडाळाक. अशी शंभर बघलंय." जानकीबाईंनी ताटलीवरची पपईची एक बी बोटाने टिपली. "उडणारी दोन होती माझी. एक कॅनडाक गेला, एक दुबईक. ह्येका उडाक येना नाय, म्हणानच घरात घेतलंय."

श्यामसुंदरांनी पेनाचं टोपण लावलं. काढलं. पुन्हा लावलं.

"पहिला विषय कायम होण्याआधी घेतलेलं मतदान सभेत धरता येत नाही," ते मोठ्याने म्हणाले. "सर्वांनी हात खाली घ्यावेत."

"सर, हात कधीच खाली आहेत!"

"उत्तम. म्हणजे वर गेलेच नव्हते."

"अहो, पण तो उडणार कधी?"

"उडून जाईपर्यंत, असं लिहिलंय. तारीख लिहिलेली नाही." त्यांनी रजिस्टर मिटलं. "वडे घ्या."

संध्याकाळी श्यामसुंदर गच्चीवर गेले. टाकीच्या भिंतीवर, नेहमीपेक्षा वीतभर उंच, त्यांनी एक कागद चिकटवला आणि त्यावर सोसायटीचा गोल शिक्का मारला. बाळा दोन ढांगांत जवळ आला. त्याने मान वाकडी करून कागद आधी एका डोळ्याने पाहिला, मग दुसऱ्याने.

"गच्चीवरील पक्ष्याने उड्डाण करण्यापूर्वी किमान पंधरा दिवस आधी सोसायटीच्या कार्यालयास लेखी कळवावे, ही विनंती. हुकमावरून, सेक्रेटरी."