यादी करणारीचं नाव

“पोरी, फौजेत पहारेकऱ्यावरही एक पहारा असतो. तुमची नावं कुठं आहेत यात?” फौजेतून निवृत्त झालेल्या मल्हाररावांनी यादी परत देताना विचारलं होतं.

दोन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. रुचिका खळखळून हसली होती. “काका, आम्हाला काय धाड भरलीय? आम्ही तर तुम्हाला बघायला येणार!” शेजारी उभ्या शांताताईही हसल्या होत्या. त्या तेव्हा सदुसष्ट वर्षांच्या होत्या आणि गोरखी मोहल्ल्यात एकट्याच राहत होत्या, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

दोघी नागरी नेतृत्व वर्गाच्या एकाच तुकडीतल्या. सहा महिने दर रविवारी जयेंद्रगंजच्या हॉलमध्ये वर्ग भरला, शेवटी प्रमाणपत्रं मिळाली, फोटो निघाले. बावीस जणांतले तेरा हळूहळू गळाले. उरलेल्या नऊ जणांनी माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप जिवंत ठेवला आणि उन्हाळी यादी काढली. शहराच्या लश्कर भागात एकटे राहणारे म्हातारे शोधायचे, प्रत्येकानं पाच जण वाटून घ्यायचे. मे-जूनमध्ये दुपारी एकच्या आत त्यांची खबर घेऊन ग्रुपवर लिहायचं. यादी शांताताईंनी केली, शाळेतल्या हजेरीपटासारखी, पट्टीनं रेघा मारून.

मग रुचिकाला मुलगी झाली. बाळ झोपलं की ती नाकाशी बोट धरून श्वास तपासायची. ग्रुपवर काही बघायला तिला सवड कुठली! तिनं केदारला, म्हणजे ग्रुप सांभाळणाऱ्याला, कळवलं, ‘माझं नाव काढून टाक.’ तासाभरात शांताताईंचा फोन.

“नाव कशाला काढतेस? काम नको करूस. वाचत तरी जा गं. कुणीतरी वाचतंय म्हटलं की लिहायला हुरूप येतो.”

म्हणून ती वाचत राहिली. दुपारी बाळाला पाजताना एका हातात फोन. शांताताईंचा निरोप तिला पाठ झाला होता. नुसतं ‘सगळे बरे’ त्या कधी लिहायच्या नाहीत. अमक्यांनी पन्हं घेतलं, तमकीचा कूलर बिघडलाय, मल्हारराव आज चिडलेत.

जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या त्या दिवशी बाहेर लूचा गरम वारा नुसता भाजून काढत होता. पाऊण वाजता निरोप आला, ‘मल्हारराव बरे. मल्हारराव बरे. मल्हारराव.’ बस. खाली सात अंगठे पडले.

रुचिकानं केदारला फोन लावला. “तू वाचलंस का?”

“अगं, बोट लागलं असेल दोनदा. इतना मत सोच, यार. बाळ झाल्यापासून तुला सगळीकडे संकटच दिसतं.”

लागलं तिला ते. पण वर्गातल्या डॉक्टरबाईंचं सांगणं डोक्यातून जाईना. ऊन मेंदूला चढलं की माणूस तेच तेच बोलू लागतं. तिनं मल्हाररावांना फोन करून विचारलं.

“येऊन गेल्या की. दोनदा आल्या,” ते म्हणाले. “दुसऱ्यांदा विचारलं, तुमचं नाव काय. मी म्हटलं, बसा, पाणी घ्या. तर म्हणाल्या, अजून चार घरं राहिलीत. निघून गेल्या. मी धावू कसा, या गुडघ्यांनी?”

शांताताईंचा फोन नुसता वाजत राहिला. रुचिका उठली.

सासूबाईंनी, विजयाबाईंनी, दारातच अडवलं. “प्रमाणपत्र लागलंय ना भिंतीवर? आता या उन्हात कसली परीक्षा?”

“आईसाहेब, शांताताई एकट्या आहेत. यादीत त्यांचं नाव नाही. आम्ही घातलंच नाही.” तिनं पायात चपला सरकवल्या. “मल्हाररावांनी सांगितलं होतं, आणि मी हसले.”

विजयाबाईंनी बाळाला तिच्या हातातून घेतलं. “डोक्याला ओलं बांध. आणि हा कांदा ठेव पर्समध्ये, लू बाधत नाही. हसू नकोस.”

रस्ता मोकळा पडला होता. ई-रिक्षावाला म्हणाला, “मैडम, इस धूप में तो कुत्ता भी नहीं निकलता।”

“इसीलिए जल्दी चलो, भैया।”

शांताताई घरी पोचल्याच नव्हत्या. घराखालच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर त्या भर उन्हात बसल्या होत्या, मांडीवर यादी. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा थेंब नाही. त्यांनी रुचिकाकडे बघितलं, पण ओळखलं नाही.

“तुम्ही कितव्या?” त्या म्हणाल्या. “तुमचं नाव सापडत नाहीये मला.”

रुचिकाला रडायला वेळ नव्हता. रिक्षावाल्याच्या मदतीनं तिनं त्यांना सावलीत घेतलं, खालच्या मजल्याचं दार बडवून दोन बादल्या पाणी मागितलं, ओढणी भिजवून मान, काखा, कपाळ गार करत राहिली. कंपू भागातल्या इस्पितळापर्यंत रिक्षात ती त्यांच्यावर पाणी शिंपडत होती आणि आपलं नाव म्हणवून घेत होती. “रुचिका. मी रुचिका. म्हणा.”

तिसऱ्या दिवशी शांताताई म्हणाल्या, “रुचिका, बाळाला घरी टाकून इथं काय करतेस?” तेव्हा ती रडली. केदार खाटेच्या पायथ्याशी मान खाली घालून उभा होता.

“अंगठा मीही दिला होता, ताई,” तो पुटपुटला.

“मग आता त्याच अंगठ्यानं पट्टी धर,” त्या म्हणाल्या.

नवी यादी रुचिकानं लिहायला घेतली, इस्पितळातच, गुडघ्यावर वही ठेवून. सगळ्यात वर नऊ जणांची नावं, प्रत्येकासमोर त्याला विचारणाऱ्याचं.

“मला कोण विचारणार?” शांताताई.

“मी. रोज बारा वाजता. लिहिलेलं चालणार नाही, आवाज ऐकणार.”

“आणि तुला?”

“तुम्ही विचाराल. बऱ्या झालात की.”

वर्गाच्या सगळ्या जुन्या तुकड्यांना ती यादी छापून गेली, गळालेल्या तेरा जणांनाही. तळाशी रुचिकानं स्वतः चार ओळी लिहिल्या होत्या:

‘तुमच्या ओळखीत एक माणूस असेल, जो सगळ्यांची चौकशी करतो. तो बरा असणारच, असं आम्हीही धरून चाललो होतो. हा कागद खाली ठेवा आणि त्याला आत्ता फोन करा. उचलला नाही, तर घरी जाऊन बघा.’