गमबुटातली अक्षरं

थोरल्या बाईंच्या पुस्तक-बांधणीच्या कारखान्यात एकच नियम चालायचा. छपाई कागदावर वाकडी बसली असेल तर कागदाच्या कडेवर विसंबायचं नाही, अक्षर धरून कापायचं. दुसरीतून शाळा सुटलेल्या बाईंनी तो स्वतःच घातला होता आणि त्यावर तोंड उघडायची कुणाची छाती नव्हती.

वरच्या मजल्यावर धाकटी सून पुस्तकांसाठी अक्षरं घडवायची. गोष्टी-कविता नव्हे, नुसते अक्षरांचे आकार. बाईंच्या हे पचनी पडायला बराच काळ गेला.

"होती ती अक्षरं संपली की काय गं?" त्या विचारायच्या.

सुनेच्या अक्षरांना खाली जाडजूड चौकोनी पाय होते. "याला स्लॅब म्हणतात, आई," ती म्हणाली.

"गमबूट म्हण की सरळ." झालं, त्या दिवसापासून घरात त्या फॉन्टचं तेच नाव पडलं.

उभे गमबूट प्रकाशनसंस्थेला आवडले होते. घोडं अडलं होतं इटॅलिकवर; म्हणजे पुस्तकात कुणाचं पत्र आलं, मनातलं बोलणं आलं, की वापरायचं ते कललेलं अक्षर. संपादिकेचं म्हणणं, इतक्या जड पायांचं अक्षर कललं की कोलमडल्यासारखं दिसतं. आणि इटॅलिक नाही तर काहीच नाही, सगळा फॉन्ट परत. सुनेने उभी अक्षरं काही नुसती ढकलून तिरकी केली नव्हती. प्रत्येक पाय पुसून नव्याने काढला होता. दोन वर्षं त्यात गेली होती, डोळ्यांखाली काळं आलं होतं. बाई तिला टोमणे मारायच्या, पण चहा वर पाठवताना दुधावरची साय तिच्या कपात जायची.

शेवटी इटॅलिकच्या नमुन्याचं पुस्तक करायचं ठरलं. दर पानावर एकच मोठं अक्षर, बाकी सगळा कोरा कागद. सुनेने घरच्याच प्रिंटरवर पानं काढली, कापायच्या खुणा घालायच्या राहिल्या.

"आई, एवढं कापून बांधून ठेवाल? संपादिका दुपारी येणार आहेत. मी पोरीला शाळेतून घेऊन येते."

बाईंनी पानं उजेडाला धरली. पहिलं अक्षर उजवीकडे झुकलेलं. दुसरंही. तिसरंही तसंच. "शिकलेल्या माणसांचे प्रिंटर," त्या पुटपुटल्या. काटकोन बघायचा गुण्या घेतला, अक्षराचा उभा दांडा धरून प्रत्येक कागद फिरवला आणि चारी कडा छाटल्या. अक्षरं ताठ उभी राहिली. शेवटच्या पानावर बारीक मजकूर होता. त्याच्या ओळी आडव्या, सरळ. एवढं एक पान कसं धड निघालं याचं त्यांना नवल वाटलं. चष्मा वरच्या मजल्यावर राहिला होता, त्या बारीक अक्षरांचा कल त्यांना दिसलाच नाही.

सून आली, पुस्तक उघडलं आणि उजेडाला धरलं. दांडे ताठ होते खरे, पण त्यांचे पाय एका बाजूने उचलले गेले होते, खिळे निघालेल्या फळीसारखे.

"आई, ती कललेलीच होती."

"मग खुणा करायच्या होत्यास," बाई म्हणाल्या. पण आवाज नेहमीचा नव्हता. सून रागावली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. ती नुसती पानावरून बोट फिरवत राहिली.

पुन्हा छापायला वेळ कुठला. तेवढ्यात संपादिका दारात.

"छपाईत जरा गडबड झालीय," सून घाईने म्हणाली.

बाईंच्या जन्मात त्यांची चूक कुणी दुसऱ्यावर ढकलली नव्हती, आणि सुनेने तर ती चक्क प्रिंटरच्या गळ्यात मारली. ते त्यांना सोसलं नाही.

"छपाईत काही नाही. मी कापलं. मला वाटलं, अक्षर पडतंय, म्हणून उभं केलं."

संपादिकेने पान बघितलं. कपाळाला आठी. मग पुस्तक तिच्या हातात हळूहळू फिरायला लागलं, आणि अक्षराचे पाय आडवे टेकल्यावरच थांबलं. पुढचं पान उलटलं, तिथंही तेच.

"पण उभं केल्यावर ते पडलं की हो," ती म्हणाली. "आणि असं तिरकं धरलं की उभं राहतंय." मग तिने शेवटचं पान बराच वेळ वाचलं. तिथं सगळे गमबूट वारा अंगावर घेऊन चालल्यासारखे एका रेषेत निघाले होते. एकही घसरत नव्हता.

"जड पायांची मला भीती होती," ती सुनेला म्हणाली. "तेच तर धरून ठेवतायत. इटॅलिक राहू द्या. उद्या नीट कापलेली एक प्रत पाठवा, आमच्या लोकांना दाखवते. ही वाकडीही नेते."

"वाकडी कशाला?" बाई.

"मला पटलं, ते हिच्यामुळे."

ती गेल्यावर सुनेने नवी पानं छापून खाली आणली. खुणा घालायला पुन्हा विसरली होती. बाई चष्मा लावून बसल्याच होत्या.

"हे बघ, आता दांडा नाही धरत, पाय धरते. चालेल ना?"

सुनेला हसू आवरेना. "कुणाचे पाय, आई?"

"अक्षराचे. तुझे धरायला अजून वेळ आहे," बाई म्हणाल्या आणि गुण्या पायांच्या रेषेला लावला. "आणि हसायचं तर लांब जाऊन हस. माझा हात हलतो."