विरोधी पक्षाची सतरंजी

मित्रांनो, उदगीरच्या एका किराणा दुकानात, तुरीच्या पोत्यांमागे घडी करून ठेवलेली मी एक जुनी सतरंजी आहे. माझे निळे पट्टे विटले आहेत, एका कडेचे दोरे सुटले आहेत. तरी माझ्या आयुष्याबद्दल माझी तक्रार नाही.

नांदेडला एका हातमागावर मी विणली गेले. दुकानाचे मालक महादेवप्पा यांनी मला हौसेने आणले. तालुक्यातल्या विरोधी पक्षाचे ते अध्यक्ष होते. पक्ष कसला, मूठभर माणसे! सभेला मला पूर्ण उलगडत आणि मी निम्मी मोकळीच राही. महादेवप्पांना त्याचे वाईट वाटत नसे. समोर कितीही कमी माणसे असली तरी ते तेवढ्याच मनापासून बोलत.

मग तो मोठा दुष्काळ आला. विहिरी आटल्या. जनावरे बाजारात गेली. माणसे दुष्काळी कामावर खडी फोडू लागली. महादेवप्पांनी सभा बंद केल्या आणि मला खांद्यावर टाकून ते कामावर गेले. तेथे एका बाभळीखाली मला अंथरले आणि मजूर बायकांची तान्ही मुले माझ्यावर झोपू लागली. त्या मुलांकडे लक्ष ठेवणारी नागम्मा स्वतः खडी फोडायची. बोलायला फटकळ, पण कोणाचेही मूल रडले की हातोडी टाकून धावायची.

कामावर पाण्याचा टँकर येणार असे ठरले होते. तो मात्र रोज न थांबता पुढे एका पुढाऱ्याच्या मळ्याकडे जाई. एका सकाळी नागम्माने मला उचलले आणि भर रस्त्यात पसरले. ती बसली, तिच्या शेजारी महादेवप्पा बसले, मागोमाग सगळ्या बायका मुले घेऊन बसल्या. मित्रांनो, माझ्यावर बोटभर जागा उरली नव्हती!

"बाई, रस्ता सोडा!" ड्रायव्हर ओरडला.

"सोडते की," नागम्मा म्हणाली. "आदी लेकरांना पाणी दे."

ड्रायव्हरने मुलांच्या सुकलेल्या ओठांकडे पाहिले आणि पाइप खाली सोडला. त्या दिवसापासून टँकर तेथे थांबू लागला.

काही वर्षांनी लातूर जिल्हा वेगळा झाला. जिल्ह्याच्या कामांसाठी उस्मानाबादला घालावे लागणारे हेलपाटे संपणार म्हणून उदगीरच्या चौकात हलगी वाजली. लवकरच पंचायत समितीची निवडणूक जवळ आली आणि मी पुन्हा दुकानासमोर पसरली गेले. आता पक्षाच्या माणसांत नागम्माही येऊन बसू लागली होती. सत्तेतल्या पक्षाचे उमेदवार श्रीमंतराव यांनी निरोप धाडला होता, की तुम्ही कोणी उभे राहू नका, तुमचा एक माणूस आम्ही समितीवर घेतो.

पक्षाचे वकील किशनराव हळू आवाजात म्हणाले, "आप्पा, जिल्हा त्यांनी आणला. हवा त्यांची आहे. पडण्यापेक्षा मानाने जागा घ्यावी."



"जिल्हा आला, लई चांगलं झालं," महादेवप्पा म्हणाले. "म्या बी पेढा खाल्ला, वकीलसाहेब. पण समदेच त्यांच्या शेजारी जाऊन बसले, तर टँकर कुठं चाललाय म्हणून इचारणार कोण?"

किशनरावांनी मान खाली घातली. मग विचारले, "उभं कोणाला करायचं?"

सगळ्यांनी नागम्माकडे पाहिले. ती गोरीमोरी झाली. "आप्पा, मला भाषण येत न्हाई."

"भाषण मी करतो, अक्का," किशनराव म्हणाले.

आणि त्यांनी शब्द पाळला! कोर्ट सुटले की सायकलवर मला बांधून ते गावोगाव जात. बोलून बोलून त्यांचा घसा बसला. लोक आता माझ्यावर दाटीवाटीने बसत. मला वाटले, आपण जिंकणार.

नागम्मा थोडक्या मतांनी पडली. चौकात श्रीमंतरावांचा गुलाल उधळला.

दुसऱ्या दिवशी दुकानापुढे काही बायका संकोचून उभ्या राहिल्या. त्यांच्या गावातला हातपंप बंद पडला होता. त्या गावाने नागम्माला मते दिली नव्हती, हे सर्वांना ठाऊक होते. नागम्माने मला बगलेत मारले.

"चला," ती म्हणाली.

पंचायत समितीच्या दारात भर उन्हात मला पसरले. गाडीतून उतरलेले श्रीमंतराव जागीच थांबले. त्यांच्या कानामागे अजून गुलाल होता. नागम्मा जराशी सरकली.

"बसा की, साहेब."

त्यांनी इकडेतिकडे पाहिले, चपला काढल्या आणि माझ्या काठावर बसले. बायकांचे सारे म्हणणे त्यांनी ऐकून घेतले. हातपंपाचा मिस्त्री त्याच दिवशी गावात गेला.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना उंदरांच्या तोंडी देऊ नका, अधूनमधून ऊन दाखवा. आणि निवडणुकीत पडलेले माणूस तुमच्यासाठी उन्हात बसलेले दिसले, तर त्याच्या शेजारी क्षणभर तरी बसा.