चाळिसाव्या दिवसाचा हुक्का

आमच्या गल्लीत एक पद्धत होती. नवरा गेला की बाई चाळीस दिवस घराबाहेर पडायची नाही. चाळिसाव्या दिवशी दुपारी शेजारणी तिला हाताला धरून समुद्राच्या भिंतीपर्यंत नेत, बाकावर बसवत, हुक्का पेटवत आणि पहिली नळी तिच्या हातात देत. तिनं एक झुरका घेतला की सगळ्या गप्पांना लागत, जणू ती कालही आली होती. सांत्वनाचा एक शब्द काढायचा नाही. पुरुषांना हे ठाऊक असे. त्या दुपारी ते आपणहून बंदराकडच्या बाकांवर जाऊन बसत.

मला नझीरानं असंच बाहेर आणलं होतं. सत्तेचाळीस वर्षांची होते मी. वारा इतका होता की निखारे तीनदा बदलावे लागले. सवय मोडली होती, पहिल्याच झुरक्याला मला ठसका लागला, तशी नझीरा म्हणाली, "खोक, खोक. रडण्यापेक्षा बरं." चाळीस दिवसांत मी पहिल्यांदा हसले.

आणि गल्लीतल्या लबीबाचं काय झालं तेही आम्ही पाहिलं होतं. तिचा चाळिसावा दिवस लढाईच्या दिवसांत आला. डोंगरावरून तोफा चालू होत्या, भिंतीकडे जायचा रस्ता बंद होता. उद्या नेऊ, परवा नेऊ, असं करत राहून गेलं. लबीबा त्यानंतर अकरा वर्षं घरातच राहिली आणि उंबऱ्याबाहेर आली ती लोकांच्या खांद्यावरून. आम्ही हे कधी मोठ्यानं बोललो नाही, पण तेव्हापासून कुणाचा चाळिसावा चुकवायचा नाही हे मनात पक्कं झालं.

नझीराचा नवरा शफीक होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. शेवटची दोन वर्षं त्याच्या पलंगाशी ऑक्सिजनचं नळकांडं उभं होतं. तो गेला तेव्हा नझीरा रडली नाही, बोललीही नाही. खोलीतल्या भिंतीकडे तोंड करून बसायची. मुलगा फादी कॅनडातून आला, आठ दिवस राहिला आणि जाताना मला म्हणाला, "विदादमावशी, तुझ्यावर सोडून जातोय." मी त्याला म्हटलं, चाळिसाव्या दिवशी मी तिला बाहेर काढते, तू काळजी करू नकोस.

त्याच सुमाराला रुलानं तो अर्ज दिला. रुला भिंतीच्या दक्षिण टोकाला बालवाडी चालवते. भिंतीवर, बागेत, बंदराच्या बाकांवर, कुठंच धूम्रपान नको, असा अर्ज. खाली एकशेबारा सह्या. नगराध्यक्ष मुनीरनं सभा बोलावली ती शाळेच्या पटांगणात, कारण आत ओढायला आधीच बंदी होती आणि आत बसलो तर निम्मं गाव येणार नाही, असं त्याचं म्हणणं. तेव्हा उघड्यावरच्या धुरावरची चर्चा उघड्यावर, धुरातच झाली. वर्तमानपत्रवाला फोटो काढायला आला तशी मुनीरनं जळती सिगरेट खुर्चीखाली लपवली आणि स्वतःचा मोजा जाळून घेतला.

बोलणारे पुष्कळ होते. एक म्हणाला, वारा आमचा धूर सायप्रसला नेतो, सायप्रसवाल्यांनी अजून तक्रार केलेली नाही. हुक्के भाड्यानं देणारा सबरी म्हणाला, घरात बायको ओढू देत नाही, दुकानात कायदा ओढू देत नाही, आता माणसानं समुद्रात उभं राहून ओढायचं का? रुला शांतपणे उठली आणि सांगितलं, की बालवाडीतल्या तीन वर्षांच्या मुलीच्या तोंडातून तिनं त्या आठवड्यात दुसऱ्यांदा थोटूक काढलं होतं. त्यावर बराच वेळ कुणी विनोद केला नाही.

खरं सांगायचं तर मला तेव्हाच कळलं होतं की ठराव होणार, आणि व्हावाही. पण बंदी लागू होणार होती महिन्याच्या एक तारखेला, आणि नझीराचा चाळिसावा होता चार तारखेला. मी उभी राहिले. उभं राहून बोलायची मला सवय नाही. मी लबीबाचं सांगितलं. तरुण मंडळींना ती माहीत नव्हती, म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. मी म्हटलं, मला एक बाक द्या, एका दुपारपुरता, उत्तरेच्या टोकाचा. बालवाडीपासून सगळ्यांत लांबचा.

रुलानं विचारलं, "मावशी, नझीरामावशींनी सांगितलंय का तुम्हाला हे?"

"बाई गं, हे सांगावं लागत नाही," मी म्हणाले.

ठराव झाला, आणि माझ्या बाकासाठीही हात वर झाले. रुलाचाही झाला. मी घरी आले ती लढाई जिंकल्यासारखी.

चार तारखेला सामिया आणि बाकीच्या शेजारणी उत्तरेच्या बाकावर हुक्का घेऊन आधीच जाऊन बसल्या, आणि मी नझीराकडे गेले. दार उघडंच होतं. घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या, पडदे काढलेले, मोरीत साबणाच्या पाण्यात भिजत घातलेले. नझीरा काळे कपडे घालून, बूट घालून खुर्चीत बसली होती.

मी म्हटलं, "चल. निखारे तयार आहेत."

"हुक्का नको," ती म्हणाली.

"अगं, बाक मागून घेतलाय मी. भर सभेत भांडून."

"ऐकलं. मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस?"

"हो."

मी पलंगाच्या कडेला टेकले. शफीकचाच पलंग. ती खिडकीकडे बघत हळूहळू बोलली. "विदाद, त्याला श्वास पुरेना म्हणून दोन वर्षं मी या घरात उदबत्तीही लावली नाही. तो गेला आणि लोक त्याच्यासाठी याच खोलीत चाळीस दिवस ओढत बसले. सकाळपासून रात्रीपर्यंत. मी काय बोलणार? समाचाराला आलेल्यापुढे तबक ठेवलं नाही, असं गावानं म्हणायला नको."

समाचाराला आलेल्याला आमच्याकडे बिनसाखरेची कॉफी देतात आणि सिगरेटी देतात. घेतली नाही तर मयताचा अपमान.

"तबक मी फिरवत होते," मी म्हणाले.

"हो ना. आणि किती नेटकं मांडायचीस. पेल्यात सगळ्या एकसारख्या उभ्या." तिनं हे टोमणा म्हणून म्हटलं नाही, म्हणून जास्त लागलं.

मी पलंगावरून उठले. मग विचारलं, "म्हणजे तू येत नाहीस?"

"बूट कशाला घातलेत मग? येते की. पण जिथं कुणी ओढत नाही तिथं."

तशी तर आता अख्खी भिंत होती. मी भांडून मिळवलेला एक बाक सोडून.

आम्ही निघालो. तिनं माझा हात धरला नाही, भराभर चालली. भिंतीशी आल्यावर ती दक्षिणेकडे वळली. उत्तरेकडून सामियाची हाक आली, "अगं, कुठं चाललात? इकडे! निखारे विझतायत!" मी हात हलवला. त्या हलवण्याचा अर्थ काय, ते मलाही सांगता आलं नसतं.

बालवाडी सुटली होती. आम्ही तिच्यासमोरच्या बाकावर बसलो. नझीरानं डोळे मिटून श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. माझ्या हातांना काय करावं कळेना. पन्नास वर्षं या भिंतीवर माझ्या हातात नळी होती. मी आधी पर्स उघडली, मग बंद केली, मग पुन्हा उघडली.

"जा," नझीरा डोळे न उघडता म्हणाली. "तलफ आलीय तुला. मी पळून जात नाही."

मी नाही म्हटलं. दहा मिनिटांनी गेले. सामियानं काही न विचारता नळी माझ्याकडे दिली. मी दोन झुरके घेतले आणि त्यांना सांगितलं की नझीरा आली आहे, फक्त तिकडे बसली आहे. एकजण म्हणाली, याला काय चाळिसावा म्हणायचं? सामिया म्हणाली, बाहेर आली ना, मग झालं.

मी परत आले, नझीराशेजारी बसले. तिनं नाक मुरडलं आणि पर्स आमच्या दोघींच्या मध्ये ठेवली.

"जरा लांब बस. वारा तुझ्याकडून येतोय."

मी सरकले. मग विचारलं, "उद्या येशील?"

"येईन," ती म्हणाली. "पण उद्या तू त्या बाजूला बसायचंस."